बंड्याचा बूट

काम, क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर हे षड्रिपू आपण लहानपणीच पाठ केले. त्यांत क्रोधाचा क्रमांक दुसरा. भयाला मात्र त्या यादीत जागाच नाही. त्यामुळेच की काय, घरात मूल रागावले की सारे घर त्याचा राग घालवायच्या मागे लागते. त्या रागाच्या पाठीशी आणखी कोणी दडून बसले असेल अशी शंका कोणाला येत नाही. मलाही आली नव्हती. आणि मी मानसशास्त्र विषय घेऊन तृतीय वर्षाला आहे, हे इथे खाली मान घालून नमूद करतो.

माझ्या ताईचा मुलगा सहा वर्षांचा आहे. त्याने घरात जे बंड पुकारले त्यावरून त्याला इथे बंड्या म्हणू. दाजींची बदली परगावी झाली, ताईची नोकरी इथलीच, म्हणून गेल्या जूनपासून मायलेक आमच्याकडे राहतात. बंड्या पहिलीत गेला. महिनाभर सारे सुरळीत चालले आणि मग एकाएकी रोज सकाळी रणधुमाळी सुरू झाली. मोज्याची शिवण टोचते, डब्यात भाजीला पोळी लागली, कोणतेही निमित्त पुरे. बूट भिंतीवर, दप्तर अंगणात, आणि जवळ जाईल त्याच्या हाताला चावा! शाळेतून बाईंची चिठ्ठी आली की मुलगा मारकुटा आहे, घरी लक्ष द्यावे. आई म्हणाली, "लाडानं वाया गेलंय पोर." अण्णा म्हणाले, "दोन रट्टे द्या, सरळ होईल." शेजारच्या काकूंनी मीठमोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली.

रट्टे देण्याचे काम माझ्या हातून झाले. एका सोमवारी त्याने भिरकावलेला बूट आईच्या कपाळाला लागला आणि मी त्याच्या थोबाडीत मारली. तो भोकाड पसरील असे वाटले होते. तो रडलाच नाही. गाल धरून माझ्याकडे बघत राहिला आणि बारीक आवाजात म्हणाला, "मामा, तू येशील ना न्यायला?"

त्या दिवशी मी कॉलेजला आलो नाही. बंड्याशेजारी ओट्यावर बसलो आणि तुकड्यातुकड्यांनी हकीकत बाहेर आली. जुलैत एका पावसाच्या दिवशी त्याची रिक्षा वाटेत बंद पडली होती. शाळा सुटल्यावर तो पाऊण तास फाटकाशी उभा होता. आमच्या लेखी 'रिक्षाला उशीर झाला' एवढीच ती गोष्ट. त्याच्या लेखी मात्र आधी बाबा घरातून गेले, आणि आता त्याला न्यायलाही कोणी येणार नव्हते. शाळेत तो ज्या मुलाला मारी, तो रोज म्हणे, "माझी आई येते, तुझी येत नाही."

भीतीने पोटात गोळा येतो आणि रागाने माणूस डोक्यात राख घालतो, असे आपली भाषा म्हणते. पोटातून डोक्यापर्यंत जायला लहान मुलाला क्षणही लागत नाही. वॉल्टर कॅनन या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने १९१५ च्या आपल्या ग्रंथात दाखविले की भय आणि क्रोध यांत शरीराची तयारी जवळपास एकच असते. छातीची धडधड वाढते, रक्त स्नायूंकडे वळते, शरीर लढायला किंवा पळायला सज्ज होते. बंड्याला पळायला वाट नव्हती, कारण रिक्षा दारात उभी असे. मग तो लढे. हे सारे मी परीक्षेत दहा गुणांसाठी लिहून आलो होतो, हा विनोद माझ्यावरच आहे.

अण्णांनी 'श्यामची आई'चा दाखला दिला. श्याम पोहायला भिऊन लपून बसतो, आई त्याला मारून पाठवते, आणि श्याम पोहतो. साने गुरुजींविषयी पूर्ण आदर राखून मी म्हणतो, की श्यामच्या आईला निदान पोरगा भितो आहे हे ठाऊक होते. मी राग मारायला निघालो होतो आणि मार बसला भीतीला.

आता उलट बाजू. सगळी कथा कळल्यावर आईचे मन द्रवले आणि तिने बंड्याला दोन दिवस घरी ठेवले. घरात कशी शांतता नांदली! तिसऱ्या दिवशी दुप्पट वादळ. ज्याची भीती वाटते ते टाळले की तेवढ्यापुरती सुटका होते आणि भीती मात्र जोर धरते. मार जितका चुकीचा तितकाच हा लाडही चुकीचा, असे माझे मत आहे, आणि ते आईला अजून पटलेले नाही.

१९२४ साली मेरी कव्हर जोन्स या बाईंनी सशाला भिणाऱ्या पीटर नावाच्या छोट्या मुलावर केलेले काम प्रसिद्ध झाले. पीटर आवडीचे काही खात असताना ससा थोडा थोडा जवळ आणायचा, एवढीच युक्ती. आम्ही तीच आमच्या गल्लीत आणली. रविवारी मी आणि बंड्या बंद शाळेच्या फाटकाशी शेंगा खात बसलो. 'उशीर कधीच होणार नाही' असले खोटे वचन दिले नाही. उशीर झाला तर फाटकाशी उभे न राहता बाईंच्या जवळ जाऊन बसायचे, असे ठरले, आणि बाईंनीही ते मान्य केले. पहिला आठवडा मी शाळा सुटण्याआधी फाटकात हजर. (तिसऱ्या तासाच्या माझ्या अनुपस्थितीचे रहस्य प्राध्यापकांना आता उलगडेल.) दुसऱ्या आठवड्यात रस्त्याच्या कोपऱ्यावर. मग एके दिवशी काकू, पण सकाळीच सांगून. चिडायला परवानगी, मारायला नाही, हा नियमही तेव्हाचाच. वादळ चालू असताना उपदेश करायचा नाही, हा नियम माझ्यासाठी. मला तो जास्त जड गेला.

आपल्यातले कितीतरी जण उद्या शिक्षक होतील. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शाळेत मुलाला मारण्यास आणि त्याचा मानसिक छळ करण्यास मनाई केली आहे. घराला ते कलम लागू नाही, आणि चिठ्ठीतल्या 'मारकुटा' या शब्दालाही कोणी कलम लावीत नाही. तो शब्द मात्र मुलाच्या मागोमाग वरच्या वर्गात जातो. चिठ्ठी लिहिण्यापूर्वी तो कधी मारतो, कोणाला मारतो, त्याच्या आधी काय घडते, एवढे चार दिवस पाहून ठेवले तरी पुष्कळ. आणि इतके करूनही महिना-दोन महिने फरक पडला नाही, मूल जेवेना, झोपेना, तर मुलांच्या मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे. 'पोराला वेडा ठरवता का?' असे घरात कोणीतरी विचारणारच. आमच्याकडेही विचारले गेले होते.

बंड्या अजून बंड्याच आहे. गेल्या सोमवारी त्याने पुन्हा एक बूट भिरकावला. दुसरा हातात धरून तो दारात थांबला आणि म्हणाला, "आज कोण?"

"काकू," मी म्हणालो.

"छत्री घेऊन?"

"छत्री घेऊन."

त्याने थोडा विचार केला आणि भिरकावलेला बूट आणायला अंगणात गेला.