गणपतीआधी गावच्या इन्व्हर्टरची बॅटरी बदलताय? थोडं थांबा

श्रावण लागला की लालबाग-परळच्या चाळींत आणि गिरगावातल्या वाड्यांत गावच्या याद्या सुरू होतात. वेटिंग कन्फर्म झालं का, गणपतीवर टांगायच्या माटवीचं सामान कोण बघणार, भजनाची बारी कुठल्या दिवशी. हल्ली त्या यादीत आणखी एक वस्तू असते, ती म्हणजे बॅटरी. मे महिन्यात गेलो तेव्हा पंखा अर्ध्या तासात थांबला होता, म्हणून या वेळी नवीच टाकू, आणि टाकायचीच तर लिथियम टाकू, असं घराघरांत बोललं जातंय. विचार वाईट नाही. पण नुसता डबा बदलून काम भागत नाही, म्हणून पैसे मोजण्याआधी चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

पहिली गोष्ट मुंबईच्या खोलीची. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास अख्ख्या मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या, आणि त्यानंतर दादर-गिरगावातही काहींनी इन्व्हर्टर घेतले. बेस्टच्या हद्दीत अशी वेळ क्वचित येते. दवाखाना असेल, घरात ऑक्सिजनचं मशीन लागणारं माणूस असेल तर गोष्ट वेगळी. एरवी दहा बाय बाराच्या खोलीत बॅटरीला जागा देण्याइतकी तिची गरज नाही. आपला खरा प्रश्न आहे तो संगमेश्वर, राजापूर, देवगड, मालवणकडच्या बंद घराचा. ते वर्षात तीनदा उघडतं, शिमग्याला, मे महिन्यात आणि गणपतीला.

अशा घरातली बॅटरी वापरून मरत नाही, पडून राहून मरते. साधी बॅटरी म्हणजे शिसं आणि ॲसिड. ती अर्धवट उतरलेल्या अवस्थेत राहिली की प्लेटांवर शिशाच्या सल्फेटचे खडे धरतात. ते एकदा कडक झाले की कितीही चार्ज करा, बॅटरी भरल्यासारखी दाखवते आणि बॅकअप देत नाही. निघताना तुम्ही मेन बंद केलात तर ती आपोआप उतरत जाते. उन्हाळ्यात जास्तच. त्यात इन्व्हर्टरचा स्विच चालू राहिला असेल तर घरात एकही दिवा नसताना इन्व्हर्टर स्वतःच तिला चार-पाच दिवसांत पिऊन टाकतो. बरं, मेन चालू ठेवून आलात तर ती चोवीस तास चार्जिंगवर राहते, पाणी आटतं, प्लेटा उघड्या पडतात, आणि डिस्टिल्ड वॉटर घालायला घरात कोणी नसतं. वर खाऱ्या हवेने टर्मिनलला हिरवट बुरशी. म्हणजे दोन्हीकडून मरण. कंपनी आणि दुकानदार यांना शिव्या घालण्याआधी हे लक्षात घ्या, कारण याच सवयींनी लिथियमही खराब करता येते, फक्त ती महाग पडते.

लिथियम म्हटल्यावर एकच वस्तू समजू नका. मोबाइलमध्ये, बऱ्याच ई-सायकलींत आणि स्कूटरमध्ये निकेल-कोबाल्टची जात असते. वजनाला हलकी, पण बिघडली तर भडकणारी. घरच्या इन्व्हर्टरसाठी मागायची ती लिथियम आयर्न फॉस्फेट, दुकानात 'एलएफपी' म्हणतात ती. १९९७ मध्ये टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेत अक्षय पाढी या भारतीय संशोधकाने गुडइनफ यांच्याबरोबर तिचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. गुडइनफ यांना पुढे २०१९ मध्ये लिथियम बॅटरीवरच्या कामाबद्दल नोबेल मिळालं. ही जात थोडी जड असते, पण जास्त तापमान सोसते आणि पेट घ्यायला बरीच उशिरा तयार होते. अजिबात पेटत नाही असं कोणी सांगितलं तर त्या दुकानातून खाली उतरा.

आता हिशेब. समजा लाईट गेल्यावर तुम्हाला दोन पंखे, पाच एलईडी दिवे आणि टीव्ही हवा आहे. जुना पंखा ७५ वॉट खातो, नव्या धर्तीचा बीएलडीसी पंखा साधारण ३०. नवे पंखे धरले तर दोघांचे ६०, दिव्यांचे ४५, टीव्हीचे ६०, मिळून १६५ वॉट. पाच तासांचे झाले ८२५ वॉट-तास, आणि इन्व्हर्टर मध्ये खातो ते धरून हजाराच्या आसपास. १५० एएचची (अँपियर-तास) ट्यूब्युलर, म्हणजे शिशाचीच, बॅटरी कागदावर १८०० वॉट-तासांची असते, पण ती टिकवायची असेल तर निम्म्याच्या खाली उतरवायची नाही, म्हणजे हातात ९००. शंभर एएचची एलएफपी १२८० वॉट-तासांची, तिच्यातले हजार-अकराशे बिनधास्त वापरता येतात. तेव्हा १५० च्या जागी १५० लिथियम घ्यायची गरज नाही, शंभर पुरते. तेच पंखे जुने ठेवलेत तर नुसत्या पंख्यांचेच १५० वॉट होतात आणि या दोन्हींपैकी कुठलीच बॅटरी पुरत नाही. माझं स्पष्ट मत आहे, खिशात थोडे पैसे असतील तर आधी पंखे बदला. बऱ्याच घरांत तेवढ्यावर बॅटरी बदलायचा विचार दोन वर्षं पुढे जाईल.

वजनाचाही फरक मोठा आहे. ॲसिड भरलेली १५० ची बॅटरी पन्नास-साठ किलोची, एलएफपी बारा-चौदा किलोची. पाणंदीतून वरच्या वाडीत डोक्यावरून सामान न्यावं लागतं त्यांना हे वेगळं सांगायला नको. किंमत मात्र दीड-दोन पट मोजावी लागते, ब्रँड बघून त्याहूनही जास्त.

यापुढचा मुद्दा दुकानात कोणी सांगत नाही, म्हणून सावकाश वाचा. इन्व्हर्टर हाच बॅटरीचा चार्जर असतो, आणि तुमचा जुना इन्व्हर्टर शिशाच्या बॅटरीसाठी बनवलेला आहे. मागे किंवा बाजूला एक स्विच असतो, ट्यूब्युलर, फ्लॅट प्लेट, एसएमएफ असं लिहिलेला. तिथे लिथियमचा पर्याय नसेल तर सरळ तारा जोडू नका. काही इन्व्हर्टर अधूनमधून प्लेटांवरचे खडे मोडायला व्होल्टेज १५ च्या वर नेतात. एलएफपीला १४.६ च्या वर काही नको असतं. मग बॅटरीच्या आतला रक्षक, म्हणजे बीएमएस, तार तोडतो, इन्व्हर्टर 'नो बॅटरी' दाखवतो, आणि ऐन आरतीच्या वेळी वायरमनला फोन जातो. वायरमन काय करतो? बीएमएस काढून टाकतो किंवा त्याला वळसा घालून सरळ तार जोडतो. दिवे लागतात, घरातले खूश होतात. पण आता त्या डब्यावर कोणाचंच लक्ष उरलेलं नसतं. असं कोणालाही करू देऊ नका. दिवे गेलेले परवडले.

बीएमएस किती अँपियरचा आहे तेही विचारा. बारा व्होल्टवर सातशे वॉट ओढायचे म्हणजे साठ-सत्तर अँपियर. पन्नासचा बीएमएस असेल तर मोदकांचं खोबरं वाटायला मिक्सर लावला की सगळं घर काळोखात. बॅटरीच्या पॉझिटिव्ह तारेवर, अगदी जवळ, डीसीचा फ्यूज हवाच. घरातला साधा एमसीबी तिथे लावून चालत नाही. आणि नवी लिथियम जुन्या शिशाच्या बॅटरीला जोडून 'दोन्ही वापरू' असला हिशोबीपणा नको, एक दुसरीला खाईल.

बॅटरी किती भरली हे पाहायची जुनी सवयही इथे उपयोगाची नाही. शिशाच्या बॅटरीला मीटर लावून १२.७ म्हणजे भरलेली, १२ म्हणजे जवळजवळ रिकामी, असं जुने वायरमन सांगतात ते बरोबर. एलएफपी मात्र बराच काळ १३.१ ते १३.३ च्या मध्येच राहते. त्यावरून ती अर्धी आहे की पाऊण, कळत नाही. टक्के दाखवणारा डिस्प्ले असलेलीच घ्या.

आता अकरा दिवसांनी, किंवा गौरीविसर्जनानंतर, तुम्ही मुंबईला परत निघता तेव्हाची गोष्ट. शिशाची बॅटरी ठेवायची तर पूर्ण भरून ठेवायची. लिथियमचं उलट, ती पन्नास-साठ टक्क्यांवर ठेवायची. निघायच्या आदल्या रात्री मेन बंद करून पंखे इन्व्हर्टरवर चालू द्या, आकडा साठाला आला की सकाळी इन्व्हर्टर बंद करून बॅटरीची तार किंवा फ्यूज काढा. महिन्याला दोन-तीन टक्के उतरते, थोडं बीएमएस खातो, तेव्हा शिमग्यापर्यंत सहज तग धरेल. पूर्ण उतरवून ठेवलीत तर आतले सेल इतके खाली जातात की पुन्हा चार्ज घ्यायला नकार देतात, आणि तेव्हा 'जम्प' देऊन उठवायचा प्रयत्न धोक्याचा. पत्र्याखालच्या पोटमाळ्यावरही नको, मे महिन्यातली तिथली उष्णता तिचं आयुष्य खाते. माजघरातली जमीन बरी, फक्त ओल नसलेली.

खरेदी कुठे करायची? लॅमिंग्टन रोड आपल्या गिरगावच्या उशाला आहे, आणि तिथे सेलपासून शेकोटीपर्यंत सगळं मिळतं, असं गमतीने म्हणतात. हौशी माणसाने तिथे जावं, शिकावं, टॉर्च बनवावा. पण बिनानावाचा, निळ्या प्लास्टिकात गुंडाळलेला 'असेंबल' पॅक बंद घरासाठी घेऊ नका. आत नवे सेल आहेत की जुन्या स्कूटरमधून काढलेले, हे बाहेरून कोणालाच दिसत नाही. बिल, जीएसटी नंबर, बॅटरीचा सिरियल नंबर आणि वॉरंटी कार्ड, चारही हवेत. शिशाच्या बॅटरीवर ३६+२४ असं छापलेलं असतं, त्याचा अर्थ पहिले ३६ महिने फुकट बदलून, पुढचे २४ महिने फक्त किमतीत काही सूट. लिथियमच्या वॉरंटीत तसं काय आहे ते वाचून घ्या. आणि सर्व्हिस सेंटर चिपळूण, रत्नागिरी, कणकवली, कुडाळ यांपैकी जवळ कुठे आहे, हे पाहून तिथल्याच दुकानातून बिल करा. दादरला हजार रुपये वाचवून पुढे बॅटरी मुंबईला आणायची म्हणजे वेडेपणा. ॲसिडची बॅटरी तर रेल्वेतून नेताच येत नाही.

ओघाने एक. ई-सायकल आणि ई-स्कूटरचे सुटे पॅक चाळीच्या गॅलरीत, जिन्याखाली रात्रभर चार्जिंगला लावलेले दिसतात. न्यूयॉर्क शहरात २०२३ या एका वर्षात अशा बॅटऱ्यांच्या आगींत १८ माणसं गेली. तिथे बऱ्याच जुन्या इमारतींना बाहेरून लोखंडी जिने आहेत. आपल्या लाकडी जिन्याच्या चाळीत जिनाच पेटला तर उतरायचं कुठून? चार्जिंग दिवसा, जागेपणी, वाटेत नाही आणि कंपनीच्याच चार्जरने करा.

महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणल्यापासून टेम्पो ट्रॅव्हलरची फिरती घरं करून घेणारे हौशी लोक वाढलेत. त्यांनाही वरचं सगळं लागू, वर एक जादा. गाडीचा अल्टरनेटर थेट एलएफपीला जोडला तर ती इतका करंट ओढते की अल्टरनेटर तापून जातो. मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर बसवून घ्याच.

मग घ्यावी की नाही? घर वर्षातले आठ-दहा महिने बंद, इन्व्हर्टरही बदलायला झालेला, आणि बॅटरी जवळजवळ उतरेपर्यंत वापरली जाते, तर एलएफपी घ्या, पैसे वसूल होतील. गावी आई-वडील राहतात, कोणीतरी महिन्याला पाणी घालतं, इन्व्हर्टर तीन वर्षांचाच आहे, तर साधी ट्यूब्युलर उत्तम चालते, उगाच मोडू नका. फक्त ती देवघराच्या खाली ठेवू नका. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो आणि वर समई तेवत असते. आणि निसर्ग चक्रीवादळासारखी वेळ आली तर? जून २०२० मध्ये दापोली, मंडणगड, श्रीवर्धनच्या कितीतरी गावांत वीज यायला आठवडे लागले. तिथे कुठलीही बॅटरी एका रात्रीपुरतीच. त्यासाठी छोटं सोलर पॅनेल लागतं, तेही बॅटरीला जोडलेलं. छपरावरचं नेहमीचं ग्रिडचं सोलर लाईट गेली की स्वतःही बंद होतं, हे अनेकांना बसवल्यावर कळतं.

गिरणगावात आजही गावोगावच्या मंडळांच्या खोल्या आहेत, सभा होतात, वर्गणी जमते. मंडळींनी पुढच्या सभेत दहा मिनिटं या विषयाला द्यावीत. वाडीतल्या वीस घरांनी वीस कंपन्यांच्या बॅटऱ्या घेण्याऐवजी एकच कंपनी ठरवली तर दर कमी पडेल, आणि वाडीतल्याच एखाद्या मुलाला कंपनीच्या माणसाकडून जोडणी शिकवून घेता येईल. तोच मुलगा वर्षभर बंद घरांवर नजर ठेवेल, त्याला त्याचे पैसे द्या. जुन्या बॅटऱ्याही एकत्र करून दुकानदाराला परत द्या. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार त्या परत घेणं ही उत्पादकाची जबाबदारी आहे, शिवाय शिशाला वजनावर पैसे मिळतात. भंगारवाल्याला देऊ नका, तो ॲसिड परसातच ओततो आणि विहीर तिथून वीस पावलांवर असते.