गृहव्यवस्था : शिडीचा पायथा

मृगाचा पाऊस तोंडावर आला म्हणजे उपनगरांतील जुन्या घरांतून शिड्या बाहेर निघतात. मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली या भागांत बैठीं कौलारू घरें आतां थोडींच उरलीं आहेत हें खरें. तथापि जेथें तीं आहेत तेथें कौलें चाळणें, पन्हळींतला पाचोळा काढणें, आंबे उतरविणें हीं कामें वैशाख सरतांना करावींच लागतात.

गेल्या वर्षीं मेअखेर मुलुंडास आमच्या थोरल्या बंधूंच्या घरीं जें घडलें तें सांगण्याजोगें आहे. पन्हळ साफ करण्यास ते स्वतःच शिडीवर चढले. वय ६८, पण "एवढ्याशा कामास गडी कशाला?" हा त्यांचा नेहमींचा बाणा. चिरंजीव खालीं शिडी धरून उभे होते. इतक्यांत वहिनींनीं चहासाठीं हांक मारली. "तूं हो पुढें, मी उतरतोंच," असें बंधू वरून म्हणाले आणि चिरंजीवांनीं हात सोडला. शेवटचीं मूठभर पानें काढावयास बंधू डावीकडे वांकले. मोरीच्या पाण्यानें बुळबुळीत झालेल्या फरशीवर शिडीचा पाय सरकला. उंची अवघी दहा फूट. टांचेचें हाड मोडलें, आणि ते अद्यापि लंगडतात. वहिनींना अजून वाटतें, आपण हांक मारली नसती तर! मला तो दोष हांकेचा वाटत नाहीं. शिडी वर बांधलेली नव्हती, खालची फरशी कोणीं पुसली नव्हती. सारा भरंवसा दोन हातांवर होता, आणि हात हे बोलावले कीं जाणारच.

शिडी टेकण्याची जागा बारा फूट उंच असेल तर पायथा भिंतीपासून तीन फूट असावा. म्हणजे चारास एक हें प्रमाण. टेप नसल्यास शिडीच्या पायाला बोटें लावून ताठ उभें राहावें व हात समोर सरळ करावे. तळवे दांड्याला सहज पोंचले तर कल ठीक समजावा. छपरावर जावयाचें असेल तर शिडीचें टोंक कडेच्या वर तीन फूट तरी असावें, आणि तें दोरीनें पक्कें बांधावें. पहिल्या माणसानें तें बांधीपर्यंत खालच्यानें हलूं नये. पत्र्याच्या पन्हळीवर शिडी टेकूं नये, ती दबते. जमीन भुसभुशीत असल्यास खालीं रुंद फळी घालावी.

वर चढल्यावर पोट दोन्ही खांबांच्या मध्येंच राहिलें पाहिजे. त्यापलीकडे हात पोंचेना, कीं खालीं उतरून शिडी सरकवावी. कंटाळा येतो तो नेमका याच ठिकाणीं. चढतां-उतरतांना हात मोकळे हवेत; कोयता, खराटा हीं टोपलींत घालून मागाहून दोरीनें ओढून घ्यावीं.

कौलांविषयीं एक गैरसमज आहे. बाझेल मिशननें १८६५ सालीं मंगळुरास कारखाना काढला, तेव्हांपासून पश्चिम किनाऱ्यावर पसरलेलीं हीं कौलें पाणी अडविण्यासाठीं आहेत, माणूस पेलण्यासाठीं नव्हेत. वाशांवर आडवी फळी टाकून तिच्यावरूनच चालावें. सिमेंटचे जुने पत्रे तर याहून फसवे. ते न करकरतां फुटतात.

विजेची तार जवळ असेल तेथें ॲल्युमिनियमची शिडी किंवा आंबे काढण्याचा धातूचा झेला नेऊंच नये. ओला बांबूहि सुरक्षित नाहीं. फांदी तारेंत गेली असेल तर वीज कंपनीस कळवावें. झाड तोडण्यास तर १९७५ च्या कायद्यान्वयें वृक्ष प्राधिकरणाची परवानगीहि लागते.

आणि गडी बोलावला तरी हें सारें त्यालाहि लागू आहे. "तो सराईत आहे" हा युक्तिवाद आम्ही सुशिक्षित लोक फार सोयीनें करतों. तो पडला तर त्याच्या घरची चूल किती दिवस बंद राहील, याचा विचार मजुरी ठरवितांना कोणी करीत नाहीं.

कोणी पडलेंच तर धांवत जाऊन त्यास उठवून बसवूं नये, पाणी पाजूं नये. मान किंवा पाठ दुखत असेल तर जागचें न हलवितां १०८ क्रमांकास फोन करावा. डोक्यास मार लागल्यावर माणूस हंसत बोलत असला तरी त्या दिवशीं व रात्रीं त्यास एकटें ठेवूं नये. वांति झाली किंवा अवेळीं गुंगी येऊं लागली तर तत्काळ रुग्णालय गांठावें.

यंदा बंधूंच्या घरीं पन्हळ एका माहितगार माणसानें साफ केली. शिडी वर दोन ठिकाणीं बांधली होती, तरी चिरंजीव पायथ्याशीं उभेच होते. चहा झाला तेव्हां वहिनी कप घेऊन अंगणांत आल्या, आणि वरचा माणूस उतरेपर्यंत तो हातांत धरून तेथेंच थांबल्या.