खाटेवरची मास्तरीण

डॉक्टर होण्याची शेवटची परीक्षा कशी असते, कधी विचार केलाय? लेखी पेपर असतातच, पण खरी धाकधूक असते ती प्रॅक्टिकलची. त्या दिवशी वॉर्डातल्या काही पेशंटना 'केस' म्हणून थांबवून ठेवतात. प्रत्येक विद्यार्थ्याच्या वाट्याला एकेक केस येते. काय होतंय, कधीपासून होतंय, बाळंतपणं किती झाली, घरात आणखी कुणाला हा त्रास आहे का, हे सगळं विद्यार्थी विचारतो. नाडी बघतो, पोट तपासतो आणि मग बाहेरगावाहून आलेल्या परीक्षकांपुढं घडाघडा सांगतो. परीक्षकही त्याच पोटावर हात ठेवून पाहतात, पोराचं बरोबर की चूक! संध्याकाळपर्यंत कुणी पास, कुणी नापास. आणि ती बाई? ती आपला पदर सावरून, पिशवी उचलून पुन्हा आपल्या खाटेवर जाते. मार्कशीटवर तिचं नाव कुठंच नसतं.

खरं तर त्या दिवशीची मास्तरीण तीच असते. पण तसं तिला कुणी म्हणत नाही. तिलाही ते ठाऊक नसतं.

यवतमाळला सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं ते १९८९ मध्ये. पुसद तालुक्यातल्या गहुलीचे आणि १९६३ ते १९७५ या काळात राज्याचे मुख्यमंत्री असलेले वसंतराव नाईक यांचं नाव त्याला दिलंय. त्याआधी अवघड दुखणं म्हटलं की सेवाग्राम, नाहीतर थेट नागपूर. जिल्हा केवढा, तर सोळा तालुक्यांचा. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या २७ लाखांच्या वर. झरी-जामणीच्या पोडावरची कोलाम बाई असो, दिग्रस-आर्णीकडच्या तांड्यावरची बंजारा बाई असो की उमरखेडची मजूर बाई... 'केस क्रिटिकल आहे, यवतमाळले घेऊन जा' म्हटलं की सगळ्यांची गाडी याच दारात येऊन थांबते.

पुढं १९९८ मध्ये नाशिकला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झालं. त्याआधी प्रत्येक मेडिकल कॉलेज आपापल्या भागातल्या विद्यापीठाला जोडलेलं असे. आता अभिमत विद्यापीठं सोडली, तर डॉक्टरकी, आयुर्वेद, होमिओपॅथी, दंतवैद्यक, नर्सिंग, फिजिओथेरपी अशी राज्यभरातली सगळी कॉलेजं या एका छत्राखाली आहेत. कॉलेज सरकार चालवतं, अभ्यासक्रमाची चौकट दिल्लीहून ठरते, पण परीक्षा घेणं आणि पदवी देणं हे काम विद्यापीठाचं. म्हणजे यवतमाळच्या वॉर्डात ज्या बाईच्या पोटावर परीक्षक हात ठेवतात, त्या परीक्षेची सूत्रं नाशिकहून हलतात. म्हणूनच आजचं गाऱ्हाणं त्या विद्यापीठाच्या पायरीशी ठेवायचंय.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगते. शिकाऊ डॉक्टरांनी पेशंटवर शिकू नये, असं मला मुळीच म्हणायचं नाही. शिकल्याशिवाय डॉक्टर होणार कसे? पोहायला पाण्यातच उतरावं लागतं. पण हे पाणी कुणाच्या घरचं आहे, ते तर बघा! ज्यांना खाजगी दवाखान्याची फी परवडते, त्यांच्या खाटेभोवती दहा-बारा विद्यार्थी उभे राहत नाहीत. ते उभे राहतात कापूस वेचणाऱ्या, निंदणाला जाणाऱ्या, रोजमजुरीवर जगणाऱ्या बाईच्या खाटेभोवती. उद्या शहरातल्या चकचकीत दवाखान्यात आपण ज्या डॉक्टरीणबाईंवर विश्वास टाकतो, त्यांचा हात या बायकांच्या अंगावर बसलेला असतो. हे ऋण साऱ्या समाजावर आहे. मग त्या बदल्यात तिला काय मिळतं? औषधपाणी मिळतं, ते तर तिच्या हक्काचंच आहे. शिकवण्याबद्दल काय मिळतं?

सुरुवात भाषेपासून करू. आपल्याकडची बाई दवाखान्यात गेली की 'मले अंगावरून जाते' एवढंच म्हणते. लाल की पांढरं, ते ज्यानं त्यानं समजून घ्यायचं. 'अंग बाहेर येते' म्हणजे गर्भपिशवी खाली उतरली आहे, हे सांगताना तर ती डोळे वर उचलत नाही. अनेक वर्षं सोसून झाल्यावर एकदा कशीबशी तोंडातून निघालेली ही दोन वाक्यं. समोरचा विद्यार्थी मुंबईचा असेल, नाहीतर देशपातळीवरच्या कोट्यातून आलेला परराज्यातला. त्यानं 'काय? जोरात बोला!' म्हटलं की संपलं. ती पुन्हा तोंड उघडायची नाही. बंजारा, कोलाम, गोंड बायकांचं तर मराठीही दुसऱ्या घरचं. २०१९ पासून एमबीबीएसचा जो नवा अभ्यासक्रम आला, त्यात पहिल्या वर्षाच्या सुरुवातीला स्थानिक भाषेची ओळख आहे, पेशंटशी वागायचं-बोलायचं कसं याचंही शिक्षण आहे. छान आहे. पण आपली मुलं कशी आहेत, ते आपल्याला ठाऊक आहे ना? ज्याला मार्क, त्याचाच अभ्यास!

दुसरी गोष्ट आडोशाची. शिकवणाऱ्या दवाखान्यांत बाईला तपासताना पडदा ओढायचा राहून जातो. विचारायचं राहून जातं. 'हे विद्यार्थी आहेत, यांनीही तपासलं तर चालेल का?' या एका वाक्याला किती सेकंद लागतात? राष्ट्रीय मानवाधिकार आयोगानं रुग्णांच्या हक्कांची सनद तयार केली आणि २०१९ मध्ये केंद्राच्या आरोग्य मंत्रालयानं ती राज्यांकडे पाठवली. माहिती मिळण्याचा हक्क, संमतीचा हक्क, खाजगीपणाचा हक्क त्यात आहे. पुरुष डॉक्टर तपासत असतील, तर दुसरी बाई तिथं हजर हवी, हेही आहे. पण वाडीवस्तीवरून आलेल्या किती जणींपर्यंत ही सनद पोचली? आणि 'नाही' म्हटलं तर उपचार थांबतील, ही धास्ती पोटात असताना दिलेला होकार होकार तरी कसा म्हणायचा?

आता संशोधनाचं बघू. विद्यापीठ म्हटलं की संशोधन आलंच. पण प्रश्न कुणाचे घ्यायचे? यवतमाळचं कॉलेज सुरू झालं, त्याच १९८९ च्या जानेवारीत 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात गडचिरोलीतल्या दोन खेड्यांचा अभ्यास छापून आला होता. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांचा. दोघंही नागपूरच्या मेडिकल कॉलेजात शिकलेले. त्यांनी खेड्यातल्या साडेसहाशे बायका तपासल्या, तर शंभरातल्या ९२ जणींना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास निघाला. आणि आधी कधी तपासणी-उपचार झाले होते ते शंभरात फक्त आठ जणींचे! तोवर खेड्यातल्या बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंब नियोजन, एवढंच सरकारदरबारी धरलं जायचं. जगाला वेगळा विचार करायला लावणारं हे काम आपल्या विदर्भात झालं, ते बायकांचं बोलणं कुणीतरी कान देऊन ऐकलं म्हणून.

यवतमाळातही असे प्रश्न वाट बघताहेत. २०१७ चा पावसाळा आठवा. कपाशीवर फवारणी करताना विष अंगात भिनून जिल्ह्यात किमान वीस शेतकरी-शेतमजूर दगावले, आठशेच्या आसपास लोकांना दवाखान्यात भरती व्हावं लागलं. सगळा भार मेडिकल कॉलेजवर आला. अशा विषबाधेत रक्तातलं कोलिनेस्टरेज तपासावं लागतं, पण कापसाच्या या जिल्ह्यात त्या वेळी तीच सोय नव्हती. चर्चा झाली ती पाठीवर पंप घेणाऱ्या पुरुषांची, आणि ती व्हायलाच हवी होती. पण फवारणीला पाणी कोण वाहून आणतं? औषध कालवायला हात कुणाचे लागतात? संध्याकाळी तो ओला सदरा कोण धुतं? त्याच शेतात पोटुशी असताना निंदायला कोण बसतं? त्या बाईच्या अंगात काय जातं, तिच्या पोटातल्या बाळाला काय पोचतं, यावर याच मातीत अभ्यास व्हायला नको का? विदर्भात घरोघरी ऐकू येणाऱ्या सिकलसेलचंही तसंच. सून घरात आली, सारखी थकते, सांधे दुखतात म्हणते. सासू म्हणते, कामाचा कंटाळा! तपासणी झाली की कळतं, पोरीच्या रक्तातच दुखणं आहे. आणि झालेला अभ्यास इंग्रजी प्रबंधात बांधून कपाटात ठेवायचा नाही. ज्यांच्या रक्ताचे नमुने घेतले, त्यांच्या गावात जाऊन त्यांच्या बोलीत सांगायचा.

नाण्याची दुसरी बाजूही आहे. डॉक्टरांनी गोड बोलावं म्हणणं सोपं, पण रात्रभर जागून पहाटे ओपीडीला उभ्या राहिलेल्या निवासी डॉक्टरच्या ओठांवर गोड शब्द यायचा कुठून? ती पंचवीस-सव्वीस वर्षांची पोरगीही कुणाची तरी लेकच असते. नोव्हेंबर २०२१ मध्ये यवतमाळच्या याच कॉलेजच्या आवारात एमबीबीएसच्या एका विद्यार्थ्याचा खून झाला. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर कॉलेजात ड्युटीवरच्या डॉक्टर मुलीवर जे ओढवलं, त्यानं तर प्रत्येक आईच्या काळजाचं पाणी झालं. विश्रांतीला खोली नाही, रस्त्यावर दिवा नाही, दाराला कडी नाही, अशा ठिकाणी माणुसकी शिकवता येत नाही. पेशंटचा मान आणि डॉक्टरची सुरक्षा हे एकमेकांचे वैरी नाहीत. एकाच घरातल्या दोघी बहिणी आहेत.

मग करायचं काय? मला चार गोष्टी सुचतात, आणि त्यातली एकही फार खर्चाची नाही.

एक म्हणजे, प्रॅक्टिकलला पेशंटशी वागण्याचे मार्क ठेवावेत आणि ते खरोखर मोजावेत. नाव विचारलं का, परवानगी घेतली का, पडदा ओढला का, तपासून झाल्यावर पांघरूण नीट केलं का. दोन-चार मार्कांवर निकाल फिरतो, असं कळू द्या, मग बघा, पडदे कसे आपोआप सरकतात! दुसरं, जी बाई दिवसभर परीक्षेसाठी बसते, तिला आधी मराठीत समजावून विचारावं, चहा-जेवण द्यावं, बुडालेली मजुरी आणि एसटीचं भाडं द्यावं आणि आभाराचे दोन शब्द बोलावेत. बाहेरच्या परीक्षकांना मानधन मिळतं, मग आतल्या मास्तरणीला का नको?

तिसरं, बाळंतपणाच्या खोलीत तिच्यासोबत तिचं माणूस असू द्यावं. २०१७ मध्ये केंद्रानं प्रसूतिगृहं सुधारण्यासाठी 'लक्ष्य' कार्यक्रम आणला, त्यात जन्मसोबतीची गोष्ट आहेच आणि मेडिकल कॉलेजांनाही तो लागू आहे. हात धरायला आई किंवा जाऊ असली की कळा सोसायचं बळ येतं, हे आपल्याला कुणी पुस्तकातून सांगायला नको. चौथं, अलीकडे विद्यार्थ्यांना गावातली कुटुंबं दत्तक देण्याची योजना सुरू झाली आहे. ती वहीतली हजेरी आणि फोटो होऊन राहू नये. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात सेवाग्रामला डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये मेडिकल कॉलेज काढलं, तेव्हापासून तिथले विद्यार्थी खेड्यात राहून शिकताहेत. यवतमाळच्या मुलांना पोडावर, तांड्यावर राहायला न्यायला असं किती अंतर आहे?

आणि आपण? आपल्याही हातात थोडं आहे. घरातली, शेजारची, आपल्याकडे कामाला येणारी बाई मेडिकलला जायची असेल, तर तिला जाण्याआधी सांगा, 'तपासणारे शिकाऊ आहेत का, ते विचारायचा तुला हक्क आहे. पडदा लावा म्हणायचा हक्क आहे. समजलं नाही, तर पुन्हा सांगा म्हणायचा हक्क आहे.' आपली लेक, भाची नीट देऊन डॉक्टर व्हायला निघाली असेल, तर पेढे वाटताना तिलाही एक सांगा. पहिल्यांदा ज्या बाईच्या पोटावर हात ठेवशील, तिचं नाव विचार. घरी आलीस की ते नाव आम्हाला सांग.