टर्मिनलचे फोटो पुरे, विमान उतरणार कसं ते सांगा

लहान गावात विमानतळ आला की चर्चा दोनच. उद्घाटनाला कोण येणार आणि नाव कुणाचं द्यायचं. पावसात, धुक्यात विमान उतरणार कशाच्या भरवशावर, हा प्रश्न पत्रकार परिषदेत ऐकू येत नाही.

मोठ्या विमानतळांवर आयएलएस असते. धावपट्टीजवळच्या अँटेनातून 90 आणि 150 हर्ट्झचे दोन सूर रेडिओ लहरींवर सोडतात. विमान मधल्या रेषेवर असेल तर दोन्ही सारखे, जरा सरकलं की एक वरचढ. गोम अशी की या लहरी हँगरवर, क्रेनवर, उभ्या ट्रकवर आपटूनही विमानापर्यंत पोचतात आणि वैमानिकाचा काटा चक्क खोटं बोलू शकतो. म्हणून उपकरणं बसवलेलं खास विमान त्याच वाटेने पुन्हा पुन्हा उडवतात. सिग्नल सांगतो ती जागा आणि विमानाची खरी जागा ताडून बघतात. हे काम एकदा करून भागत नाही, ठरावीक काळाने करावंच लागतं. खर्चिक आहे, आणि त्याची फीत कापता येत नाही.

यावर आपल्याकडे उत्तर तयार आहे, ‘गगन’. इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणाने मिळून केलेलं. जमिनीवरची केंद्रं जीपीएसची चूक मोजतात, दुरुस्ती उपग्रहामार्फत विमानाला मिळते. धावपट्टीवर अँटेनाची गरज नाही. आपण विषुववृत्ताच्या जवळ, त्यामुळे सूर्यास्तानंतर वरचं आयनोस्फिअर खवळतं आणि सिग्नल बिघडतो. परदेशी गणित जसंच्या तसं चालेना, ते आपल्या शास्त्रज्ञांनी इथल्या आकाशासाठी बसवलं. उंचीच्या मार्गदर्शनासह प्रमाणपत्र मिळालं एप्रिल 2015 मध्ये. राजस्थानात किशनगडला इंडिगोचं एटीआर गगनवर उतरलं एप्रिल 2022 मध्ये, तेही चाचणी म्हणून. मधली सात वर्षं गेली कुठे?

गगन आलं की अपघात संपले, असं मी म्हणत नाही. 2020 मध्ये कोझिकोडला आयएलएस होतीच. तरी विमान ओल्या धावपट्टीवरून पुढे गेलं, 21 जीव गेले.

पण कोल्हापूर असो, नांदेड असो की सोलापूर, खासदार-आमदारांना एवढं तरी विचारा: आपल्या धावपट्टीसाठी गगनची पद्धत आखली आहे का? ती शेवटची उडवून कधी तपासली? आणि इथे येणाऱ्या विमानांत त्याचा रिसिव्हर आहे का? उत्तर मिळालं तर कमेंटमध्ये टाका, मी बातमी करतो.