किनवट-माहूरच्या रुग्णांना नर्सिंग होम पारखून निवडता यावे यासाठी निवेदन

प्रति,
मा. जिल्हा शल्यचिकित्सक,
जिल्हा रुग्णालय, नांदेड

विषय : किनवट व माहूर तालुक्यांतील खासगी नर्सिंग होममधील सोयी, दर आणि डॉक्टरांची उपलब्धता यांची माहिती रुग्णांसमोर उघड ठेवणेबाबत.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे किनवट व माहूर तालुक्यांतील रुग्ण, त्यांचे नातेवाईक आणि नागरिक आपणास नम्रपणे निवेदन सादर करतो ते असे.

किनवटहून नांदेड सव्वाशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. शहरात एका दवाखान्यात सोय झाली नाही तर माणूस रस्ता ओलांडून दुसऱ्या दवाखान्यात जातो. आमच्याकडे पहिली निवड चुकली की पुढचे ठिकाण तीन-चार तासांवर असते. म्हणून पेशंटला कुठे न्यायचे, या एका निर्णयावर आमच्याकडे जीव टांगलेला असतो, आणि नेमका तोच निर्णय आम्हाला कसलीही माहिती हाती नसताना घ्यावा लागतो.

आज तो कोण घेते? जीपवाला घेतो, मेडिकलवाला घेतो, मागच्या वर्षी ज्याच्या सुनेचे बाळंतपण झाले तो शेजारी घेतो. आशाताई असल्या तर त्या घेतात. ही सारी आपलीच माणसे आहेत, अडीअडचणीला तीच धावून येतात. पण आज रात्री भूलतज्ज्ञ गावात आहे की नाही, हे यांतल्या कुणाला ठाऊक नसते. रक्ताची पिशवी लागली तर ती कुठून येणार आणि किती वेळात, हेही नसते. नर्सिंग होमच्या पाटीवर पाच-सहा डॉक्टरांची नावे पदव्यांसह रंगवलेली असतात. त्यांतले गावात मुक्कामी कोण आणि महिन्यातून एकदा ओपीडीला येणारे कोण, हे ती पाटी सांगत नाही.

गेल्या पावसाळ्यात एका तांड्यावरच्या पहिलटकरणीला कळा सुरू झाल्यावर तिच्या नवऱ्याने जीप करून रात्री एका खासगी नर्सिंग होममध्ये आणले. पाटीवर ‘24 तास प्रसूती व सिझेरियन’ असे लिहिलेले होते. डिपॉझिट भरून घेतले, सलाईन लावले. पहाटेच्या सुमाराला सिस्टर बाहेर येऊन म्हणाल्या, ‘सिझर करावे लागेल, भूल देणारे सर बाहेरगावी आहेत, पुढे घेऊन जा.’ हातात दिलेल्या चिठ्ठीवर पेशंटचे नाव आणि ‘रेफर टू नांदेड’ एवढेच. बीपी किती होते, बाळाचे ठोके कसे होते, कोणते इंजेक्शन कधी दिले, काही नाही. नांदेडच्या डॉक्टरांना सारे पहिल्यापासून तपासावे लागले. आई वाचली, बाळ हाती लागले नाही. नंतर मिळालेल्या बिलात ओटीचा आकार लावलेला होता, ऑपरेशन झालेलेच नसताना. हे पैसे त्या कुटुंबाने कापसावर उचल घेऊन भरले. त्यांच्या इच्छेवरून आम्ही त्यांचे किंवा त्या नर्सिंग होमचे नाव येथे देत नाही. आमची मागणी एका डॉक्टरविरुद्ध नाही. भूलतज्ज्ञ गावात नाहीत, हे दारातच सांगितले असते तर ती जीप थांबली नसती.

ऑक्टोबर 2023 च्या आरंभी नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात 24 तासांत 24 रुग्ण दगावले, त्यांत 12 नवजात बाळे होती. खासगी दवाखान्यांतून अखेरच्या घटकेला पाठवलेले रुग्ण त्यांत बरेच होते, असे तेव्हा सांगण्यात आले. त्या घटनेची बाकीची कारणे वेगळी आहेत आणि त्यांची जबाबदारी झटकता येणार नाही. पण उशिरा पाठवणे हे एक कारण असेल, तर त्यावरचा उपाय नांदेडमध्ये करता येणार नाही. तो किनवट, माहूर, हिमायतनगरसारख्या गावांतच करावा लागेल.

यासाठी नवा कायदा नको आहे. 1949 च्या नर्सिंग होम नोंदणी कायद्याखालील नियमांत राज्य शासनाने जानेवारी 2021 मध्ये दुरुस्ती केली. रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावणे, दाखल फी, खाटेचे रोजचे भाडे, डॉक्टरांची व्हिजिट, भूल, ओटी, नर्सिंग, ऑक्सिजन अशा ठरावीक बाबींचे दरपत्रक लावणे, तक्रार निवारणाची सोय ठेवणे हे त्यानुसार बंधनकारक झाले आहे. नोंदणीचे नूतनीकरण दर तीन वर्षांनी होते. म्हणजे प्रत्येक नर्सिंग होमची फाईल ठरावीक काळाने शासनाच्या टेबलावर येतेच. कुणाकडे किती खाटा, किती नर्स, कोणते डॉक्टर हे कागद शासनाकडे आहेत. ते कपाटात राहतात आणि पेशंटचा माणूस जीपवाल्याला विचारत फिरतो.

म्हणून आमची मुख्य मागणी अशी की, दोन्ही तालुक्यांतील सर्व नोंदणीकृत नर्सिंग होमची यादी आपल्या कार्यालयाने प्रसिद्ध करावी आणि ती बसस्थानक, रेल्वे स्टेशन, तहसील कार्यालय, प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्र व ग्रामपंचायत येथे लावावी. यादीत नोंदणी क्रमांक व मुदत, खाटा, रात्री मुक्कामी असणाऱ्या डॉक्टरांचे नाव व शिक्षण, भूलतज्ज्ञ कायम की बोलावल्यावर येणारे, रक्ताची व नवजात बाळाला सांभाळण्याची सोय, आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ते नर्सिंग होम अंगीकृत आहे की नाही, एवढे असावे. या शेवटच्या मुद्द्यावर आम्ही मुद्दाम बोट ठेवतो. योजनेचे संरक्षण पाच लाखांपर्यंत वाढले आहे. तरी अॅडमिट झाल्यावर ‘आमच्याकडे योजना चालत नाही’ हे कळते आणि तोवर डिपॉझिट गेलेले असते. यादी दर तीन महिन्यांनी सुधारावी. मराठीत, ठळक अक्षरांत असावी; आणि वाचता न येणाऱ्यांसाठी गुडे, पोड आणि तांड्यांवर आशाताईंमार्फत गोंडी, कोलामी, गोरमाटीत समजावून सांगितली जावी.

नर्सिंग होमच्या दारात रोज बदलणारा एक साधा फळा असावा : आज रात्री प्रसूतीतज्ज्ञ आहेत / नाहीत, भूलतज्ज्ञ आहेत / नाहीत, सर्जन आहेत / नाहीत. खडूने लिहिण्याचे काम आहे. हाच फळा गोकुंद्याच्या उपजिल्हा रुग्णालयातही लागावा, ही आमची तितकीच आग्रहाची मागणी आहे. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात 2011 पासून सरकारी दवाखान्यात सिझेरियनसह बाळंतपण, औषधे, रक्त, ने-आण सारे मोफत आहे. असे असूनही गरीब माणूस खासगी दारात का जातो? तिकडे कोण भेटेल याचा त्याला भरवसा नसतो म्हणून. रिक्त जागा भरण्याचा प्रश्न मोठा आहे, त्यासाठी आम्ही स्वतंत्र पाठपुरावा करू. तोवर जे डॉक्टर आहेत ते कोणत्या दिवशी आहेत, एवढे तरी कळावे.

दुसऱ्या ठिकाणी पाठवताना रुग्णाला आधी स्थिर करणे हे बंधन आहे. सर्वोच्च न्यायालयाने 1989 च्या परमानंद कटारा खटल्यात जीव वाचवण्याचे कर्तव्य सरकारी आणि खासगी अशा दोन्ही डॉक्टरांवर सारखेच असल्याचे सांगितले आहे. आपण रेफरचा एकच छापील नमुना ठरवून द्यावा. त्यात तपासणी, दिलेले उपचार, वेळ आणि पाठवण्याचे कारण असावे, पुढच्या रुग्णालयाला फोन केल्याची नोंद असावी, आणि 108 ला कळवल्याची वेळही असावी. असा कागद दिल्याशिवाय रुग्ण हलवू नये.

बिल छापील, बाबवार आणि दरपत्रकाशी जुळणारे असावे. ‘इतर’ या रकान्यात हजारो रुपये लिहिण्याची पद्धत बंद व्हावी. औषधे आतल्याच मेडिकलमधून घेण्याची सक्ती नसावी. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या सनदेत हा रुग्णाचा हक्क मानला आहे. पेशंट आणून देण्याबद्दल कट देणे-घेणे 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेने निषिद्ध केले आहे, त्याचीही तपासणीच्या वेळी चौकशी व्हावी. आग प्रतिबंधक यंत्रणेचे प्रमाणपत्र जानेवारी आणि जुलै असे वर्षातून दोनदा द्यायचे असते, ते दारात लावलेले दिसावे. भंडाऱ्यात 9 जानेवारी 2021 च्या पहाटे जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात लागलेल्या आगीत दहा बाळे गेली. त्यानंतर या कागदाला औपचारिकता समजता येणार नाही.

आमच्या गावातल्या डॉक्टरांबद्दल आम्हाला आदर आहे. दारिद्र्यात, पावसापाण्यात, वीज नसताना बॅटरीच्या उजेडात बाळंतपणे केलेले डॉक्टर या तालुक्यांत आहेत आणि त्यांचे उपकार आम्ही विसरलेलो नाही. माहिती उघड झाली तर अशाच डॉक्टरांचा फायदा आहे. दर आणि सोयी आधी कळल्या तर काउंटरवरची भांडणे, आरडाओरडा, तोडफोड यांचे निम्मे कारण संपेल. तोडफोडीला आमचा कधीही पाठिंबा असणार नाही.

एक महिन्याच्या आत किनवट येथे आपल्या अध्यक्षतेखाली नर्सिंग होमचालक, उपजिल्हा रुग्णालयाचे वैद्यकीय अधीक्षक, आशाताई आणि आमचे प्रतिनिधी यांची बैठक बोलवावी आणि यादीचा नमुना तेथेच मंजूर करावा. यादीचे कागद छापण्याचा आणि गावोगावी लावण्याचा भार नागरिक म्हणून आम्ही उचलायला तयार आहोत. नर्सिंग होमची तपासणी कोणत्या तारखेला झाली आणि काय आढळले, हेही त्या बैठकीत वाचून दाखवावे, ही विनंती.

आपले विश्वासू,
किनवट व माहूर तालुक्यांतील रुग्ण, नातेवाईक व नागरिक
(सह्यांचे व अंगठ्यांचे कागद सोबत जोडले आहेत)

प्रत माहितीसाठी व कार्यवाहीसाठी :
मा. जिल्हाधिकारी, नांदेड
मा. जिल्हा आरोग्य अधिकारी, जिल्हा परिषद, नांदेड
मा. प्रकल्प अधिकारी, एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प, किनवट
मा. तहसीलदार, किनवट आणि माहूर