आधी योग्या, मग शस्त्र

शल्यचिकित्सेचा विषय निघाला की सुश्रुताचार्यांचे नाव अभिमानाने घेतले जाते. कापलेल्या नाकाच्या पुनर्रचनेची त्यांनी वर्णिलेली पद्धती जगाच्या वैद्यकीय इतिहासात मान्यता पावलेली आहे. परंतु त्याच सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या अध्यायाकडे अभिमान बाळगणाऱ्यांचे सहसा लक्ष जात नाही. त्या अध्यायाचा विषय आहे ‘योग्या’, म्हणजे हाताचा सराव. शिष्याला शास्त्र कितीही मुखोद्गत असो, योग्या केल्यावाचून तो शस्त्रकर्माला अपात्रच, असा तेथे दंडक आहे. सराव कशावर करावा याची यादीही दिली आहे. छेदनासाठी कोहळा, दुध्या भोपळा, कलिंगड, काकडी. भेदनासाठी पाण्याने वा चिखलाने भरलेली कातडी पिशवी. वेधनासाठी मृत जनावरांच्या शिरा आणि कमळाचे देठ. शिवण्यासाठी जाडेभरडे व तलम वस्त्र. पट्ट्या बांधण्यासाठी चक्क मनुष्याकृती पुतळा! शिकणाऱ्याच्या हातून चुका होणारच. त्या निर्जीव वस्तूवर व्हाव्यात, जिवंत देहावर नव्हे, हे त्यामागील तत्त्व.

आज हेच तत्त्व नव्या साधनांनिशी जगापुढे आले आहे. चार्ल्स हल या अमेरिकी अभियंत्याला १९८६ साली ज्या तंत्राचे पेटंट मिळाले, त्यातून विकसित झालेले त्रिमिती मुद्रण, म्हणजेच थ्रीडी प्रिंटिंग, आता शल्यगृहाच्या दाराशी पोहोचले आहे. रुग्णाच्या सीटी स्कॅन वा एमआरआयच्या प्रतिमांतून संगणकावर हवा तो अवयव वेगळा काढला जातो आणि यंत्र थरावर थर चढवून त्याची हुबेहूब प्रतिकृती घडवते. कॅनडात टोरंटो येथील ‘सिक किड्स’ या बालरुग्णालयातील तज्ज्ञांनी जन्मजात दोष असलेल्या हृदयांच्या अशा मऊ प्रतिकृती तरुण शल्यविशारदांच्या हाती दिल्या. नवजात अर्भकाचे हृदय जेमतेम अक्रोडाएवढे. त्यातील काही दोष इतके विरळा की शिकणाऱ्याला ते प्रत्यक्ष पाहण्याची संधी वर्षानुवर्षे मिळत नाही. प्रतिकृतीवर मात्र तीच शस्त्रक्रिया दहादा करता येते. अमेरिकेतील रॉचेस्टर विद्यापीठात तर मुद्रित साच्यांत पाणीदार जेल ओतून, चुकीचा छेद जाताच ‘रक्तस्राव’ होणारी मूत्रपिंडे तयार करण्यात आली.

या साधनाच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. कृत्रिम पदार्थाला जिवंत ऊतींचा स्पर्श पूर्णांशाने साधत नाही. शवविच्छेदनाचे महत्त्व त्यामुळे कमी होत नाही आणि देहदानाची चळवळही वाढलीच पाहिजे. ज्येष्ठ शल्यविशारदाच्या देखरेखीला तर पर्यायच नाही. प्रतिकृतीचे काम एवढेच की, शिकाऊ हाताचा पहिला कंप रुग्णाच्या देहावर उमटू नये.

प्रश्न येथेच गंभीर होतो. खासगी रुग्णालयाचे दर परवडणारा रुग्ण नामांकित शल्यविशारद निवडू शकतो. सरकारी रुग्णालयाच्या दारी आलेल्या शेतमजुराला ती निवड नसते. शिकाऊ डॉक्टरांचा पहिलावहिला अनुभव बहुधा त्याच्याच देहावर घेतला जातो. यात त्या तरुण डॉक्टरांचा दोष नाही. रात्रंदिवस राबणाऱ्या त्या मुलामुलींना सरावाची जागा आणि सवड देणे ही व्यवस्थेची जबाबदारी आहे. परंतु एका वर्गाने दुसऱ्या वर्गाच्या शिक्षणाचे मोल आपल्या देहाने चुकवावे, हे समरसतेची भाषा बोलणाऱ्या कोणत्याही समाजाला शोभणारे नाही.

दिशा दिसते आहे. २०१९ पासून लागू झालेल्या एमबीबीएसच्या अभ्यासक्रमाने कौशल्य प्रयोगशाळेला स्थान दिले. २०२२ साली केंद्र शासनाने या मुद्रणतंत्रासाठी राष्ट्रीय धोरणही जाहीर केले. आता या दोहोंची सांगड घातली पाहिजे. प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयाने महागडे यंत्र घ्यावेच असे नाही. जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाशी सहकार्य करून, रुग्णाच्या संमतीने आणि त्याची ओळख गुप्त राखून, चार-पाच महाविद्यालयांना पुरेल असे एक सामायिक केंद्र उभे राहू शकते. मात्र यंत्र खरेदी करून कुलूपबंद ठेवण्याची सरकारी रीत येथे चालणार नाही. त्यासाठी शिकवणाऱ्या अध्यापकाचे तास राखून ठेवावे लागतील आणि ठरावीक सराव पूर्ण झाल्यावाचून शिकाऊ डॉक्टराने स्वतंत्रपणे शस्त्र हाती घेऊ नये, असा नियम करावा लागेल.

सुश्रुतांचा पुतळा महाविद्यालयाच्या आवारात उभारणे सोपे आहे. त्यांनी सांगितलेली योग्या आवारातील प्रयोगशाळेत रोज घडवणे कष्टाचे आहे. पूर्वजांचा खरा गौरव या दुसऱ्या कामात आहे. कारण त्याचा लाभ शल्यगृहाच्या टेबलावर निमूटपणे पडलेल्या त्या अनाम रुग्णाला मिळणार आहे.