पोरीला बायोलॉजी शिकू द्या

दहावीचा निकाल लागला की घराघरांत बोलणी सुरू होतात. पोरगी म्हणते, मला बायोलॉजी आवडतं. तुम्ही म्हणता, डॉक्टर होणार असशील तर सायन्स घे, नाहीतर गावाजवळ आर्ट्स बरं. तुमचा हेतू चांगलाच असतो. पैशाची काळजी असते, येण्याजाण्याची असते. पण त्या एका वाक्यात तिची वाट बंद होते.

कमला भागवत हे नाव तुम्ही ऐकलं नसेल. दुर्गा भागवतांची ही धाकटी बहीण. 1933 साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. झाली आणि बंगळूरच्या विज्ञान संस्थेत अर्ज केला. संचालक होते सर सी. व्ही. रामन, नोबेल मिळवलेले. मुलगी आहे म्हणून त्यांनी नाही म्हटलं. कमला हटली नाही, सत्याग्रहाची भाषा बोलली. मग प्रवेश मिळाला, पण अटी घालून. पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी धरणार नाही, काम पटलं तरच पुढे. तिनं दुधातली आणि डाळींतली प्रथिनं तपासली. काम पाहून रामन यांचं मत बदललं आणि नंतर तिथे मुलींना प्रवेश मिळू लागला. 1939 मध्ये ती केंब्रिजची पीएच.डी. झाली. पुढे कमला सोहोनी म्हणून तिनं नीरेवर संशोधन केलं. आदिवासी भागातल्या कुपोषित मुलांना आणि गरोदर बायांना नीरा उपयोगी पडते, हे त्यातून दिसलं.

कमलाचे वडील आणि काका दोघंही रसायनशास्त्र शिकलेले, त्याच बंगळूरच्या संस्थेत. बाहेर नकार मिळाला तरी घर तिच्या बाजूनं होतं. तुमच्या घरात विज्ञान शिकलेलं कुणी नसेल. म्हणून तुमचा पाठिंबा जास्त लागतो.

शिकून करणार काय, असं तुम्ही विचाराल. आपलं लोणारच बघा. 2020 च्या जूनमध्ये सरोवराचं पाणी गुलाबी झालं. कुणी शकुन म्हटलं, कुणी अपशकुन. पुण्याच्या आघारकर संस्थेनं पाण्याचे नमुने तपासले. पाणी आटून खारेपणा वाढला होता. त्यात मिठात जगणारे सूक्ष्मजीव माजले आणि त्यांच्या रंगानं पाणी गुलाबी दिसलं. ते जीव तळाशी बसले की पाणी पुन्हा निवळतं. हे शोधणं हेच जीवशास्त्राचं काम. कपाशीतली गुलाबी बोंडअळी, कणगीतल्या डाळीला लागणारे भुंगे, सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवरचं कुपोषण, सगळं त्यातच येतं. ज्या पोरीनं आईबरोबर कापूस वेचला आहे, तिला जे प्रश्न सुचतील ते शहरात वाढलेल्याला सुचायचे नाहीत. शेतमजुराची, आदिवासी घरातली मुलगी प्रयोगशाळेत पोचली पाहिजे ती याचसाठी.

आता कामाचं सांगते.

अकरावीला जीवशास्त्राबरोबर गणितही ठेवू द्या, झेपत असेल तर. वाटा जास्त उघड्या राहतात. नीटमध्ये मार्क कमी पडले तर घरात सुतक धरू नका. बी.एस्सी. आहे, कृषी आहे, पुण्याच्या आयसरची वेगळी प्रवेश परीक्षा आहे.

बारावीपर्यंत मुलींना शाळा-कॉलेजला जायला एसटीचा पास मोफत असतो. गाडी वेळेवर येत नसेल तर चारपाच घरांनी मिळून आगारात जा. एकट्या बापाचं कुणी ऐकत नाही, दहा जणांचं ऐकतात.

कागदांवर मात्र आत्तापासून लक्ष ठेवा. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, जातीचा दाखला, लागत असेल तर नॉन-क्रिमीलेअर. जात पडताळणीला फार वेळ जातो, ती अकरावीतच टाका. हुशार पोरीची जागा एका कागदापायी जाते आणि मग घर वर्षभर हळहळतं. वसतिगृहाच्या आणि निर्वाह भत्त्याच्या सरकारी योजना आहेत. कोणती तुम्हाला लागू होते ते कॉलेजच्या ऑफिसात विचारा. विचारायला लाजू नका.

लग्नाचं. स्थळ चांगलं आलं म्हणून बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला तिला उठवू नका. एम.एस्सी. पुरी होऊ द्या. बोलणी करताना पुढच्या शिक्षणाचं सगळ्यांसमोर स्पष्ट बोला, नंतरवर ढकलू नका. आणि सुनेचं शिक्षण मुलांमुळे मधेच थांबलं असेल, तर सासूबाई, तुम्हीच तिला पुन्हा पाठवा. विज्ञानात खंड पडलेल्या बायांसाठी केंद्र सरकारची वाइज-किरण योजना आहे.

भाऊ जेवून उठतो आणि अभ्यासाला बसतो, बहीण भांड्यांना बसते, हे बऱ्याच घरांत चालतं. भांडी दोघांत वाटून द्या. परीक्षेच्या महिन्यात तरी तिला रात्रीचे दोन तास पूर्ण मोकळे मिळू द्या, आणि ते आजपासूनच ठरवा.